आत शिवलेली माणसं

काकांनी माझ्या भावाचे कपडे हाताने उचलले नाहीत. गुरं हाकायची काठी आणली. दोन लुंग्या, बनियन, ढाब्यावरचा मळका शर्ट, पांघरायची चादर. एकेक कपडा काठीच्या टोकावर धरून अंगणाच्या कडेला टाकला. वर रॉकेल ओतलं. आळीतली माणसं आंब्याखाली उभी होती. लांब. कुणी पुढे आलं नाही, कुणी परतही गेलं नाही.

मग काका माझ्याकडे वळले.

"साडी सोड."

मला समजलं नाही.

"ह्याच साडीत उचलत होतीस ना त्याला? सोड."

मी म्हटलं, घरातून दुसरी नेसून येते. काका म्हणाले, घरात पाय नाही ठेवायचा. त्यांनी गोठ्याकडे बोट केलं. गड्यानं एक गोणपाट फेकलं. ते माझ्या पायाशी पडलं.

गोठ्याच्या कुडामागे जाऊन मी साडी सोडली. परकर-पोलक्यावर गोणपाट गुंडाळलं. कुडाच्या फटीतून अंगण दिसत होतं, म्हणजे अंगणातून मीही दिसत असणार. काकांनी साडी काठीवर घेतली. नायलॉनची होती. सुती कपड्यासारखी जळली नाही. वितळली, काळा गोळा झाला.

काका त्या वेळी गावचे पोलीस पाटील होते. जमलेल्यांना म्हणाले, "गावाच्या भल्यासाठी करावं लागतं."

आंब्याखालच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी गोणपाट घट्ट धरून उभी राहिले.

आदल्या दिवशी माझा भाऊ गेला होता. रघुनाथ. आईवडील आधीच गेले होते. त्याचं लग्न झालं नव्हतं. मी शहापूरच्या बाजूला दिलेली, तो मुरबाडच्या बाजूला, म्हसा गावाजवळच्या आमच्या गावात काकांच्या घरी. घर म्हणायचं तर काकांचं. तो बहुतेक टोकावड्यालाच असायचा, रस्त्यालगतच्या एका ढाब्यावर. आधी भांडी घासली, मग भट्टी सांभाळली, मग डाळ आणि भाजी पूर्ण त्याच्या हाती आली. माळशेजला जाणाऱ्या गाड्या त्याच्या डाळीसाठी थांबतात, असं तो सांगायचा. खरं असेल.

सुट्टीला मुरबाडला एसटी बदलून माझ्याकडे यायचा. चुलीपुढे बसून माझ्या भाकरीला नावं ठेवायचा. "ताई, ही भाकरी बैलाला घातलीस तर बैल नांगर सोडून पळंल." माझी सासू तोंडाला पदर लावून हसायची. तिला तो आवडायचा. हे नीट लिहून ठेवते. तिला तो आवडायचा.

मग ताप सुरू झाला. अंग उतरलं. मोठ्या दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरनं वॉर्डाच्या दारातून, आत न येता, आजाराचं नाव मोठ्यानं सांगितलं. खाटांवरच्या सगळ्यांनी ऐकलं. त्यात आमच्याकडचा एक जण होता. आम्ही एसटीनं घरी पोचायच्या आधी आजार गावात पोचला होता.

शेवटचे दिवस मी त्याच्याजवळ होते. घराच्या मागच्या पडवीत. काकू दारापर्यंत जेवण आणून ठेवायची आणि मागे फिरायची. रघुनाथ म्हणायचा, "काकूला सांग, मीठ कमी हाय." सांगायला कुणी नसायचं. मग आम्ही दोघं हसायचो.

त्याला चार खांदे मिळाले नाहीत. बैलगाडीतून नेला.

आमच्याकडे माणूस गेल्यावर बाराव्याला पाहुणे दुखवट्याचं कापड आणतात. बाईला साडी, पुरुषाला टोपी-टॉवेल. दुःख झालेल्या घराच्या अंगावर नवं कापड घालायचं आणि म्हणायचं, आता उठा. माझ्या भावाच्या बाराव्याला कुणी कापड आणलं नाही. बारावाच झाला नाही.

मी सासरी आले. सासूनं विहिरीवर अंघोळ करायला लावली. काही महिने माझं ताट वेगळं होतं. नवरा वाशिंदच्या कारखान्यात होता, माणूस वाईट नव्हता. एवढंच म्हणाला, "आता त्याचा विषय घरात नको." विषय बंद झाला. सासू माझ्याशी बोलायची, पण ज्या गोष्टीत रघुनाथ येईल तिच्या अलीकडेच थांबायची. भाकरी करताना एकदा तिला हसू आलं. तिनं ते गिळलं.

दिवाळीला भाऊबीज आली. ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात. सासूनं ताट माझ्या हातात दिलं आणि आभाळाकडे बघितलं. मी ओवाळलं. शेजारणी बघत होत्या. मला भाऊ नव्हता, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं आणि ओवाळून मी त्यावर सही केली होती. पुढे किती तरी वर्षं मी चंद्राला ओवाळत राहिले. त्याचं नाव तोंडातून निघालं नाही. एकटं असताना म्हणून बघायचे. आवाज बाहेर यायचा नाही.

त्याचा एक शर्ट माझ्याकडे राहिला होता. बटण लावायला ठेवून गेला होता. निळ्या चौकडीचा. जळण्यातून तेवढा वाचला. भाताच्या कणगीमागे मी तो ठेवला होता.

काही वर्षांनी शहापूरला एक संस्था आली. एसटी स्टँडपासून जवळ त्यांची खोली होती. ज्यांच्या घरात हा आजार होऊन गेला, अशा बाया आठवड्यातून एकदा तिथे जमायच्या. बहुतेक विधवा. काहींना स्वतःला आजार होता. मी घरी सांगायचे, बचत गटाला जाते. बचत गट म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

तिथे मला हिराबाई भेटली. डोंगराकडच्या ठाकूरवाडीतली. नवरा वीटभट्टीवर गेला तो ताप घेऊन परत आला. ती कुणाला घाबरत नसे. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुझा कोण?" मी म्हटलं, भाऊ. "नाव नाय त्याला?" मी नाव सांगितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दुसऱ्या माणसाच्या कानावर. तिनं मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली. जसं काही मी कुणा जित्या माणसाचं नाव सांगितलं.

संस्थेच्या मॅडम मुंबईहून यायच्या. बोलायला गोड, कामाला चोख. एकदा त्यांनी फोटो दाखवले. परदेशातलं मोठं मैदान, मैदानभर गोधड्या पसरलेल्या. या आजारानं गेलेल्या माणसांच्या. त्यांच्या लोकांनी हातानं शिवलेल्या. मधल्या वाटांनी माणसं चालत होती, वाकून बघत होती. मॅडम म्हणाल्या, आपणही एक करू या. तुमच्या माणसाचं एक-एक कापड आणा. एड्स दिनाला हॉलमध्ये लावू.

गोधडी आम्हाला शिकवायला नको होती. भाताची झोडणी उरकली की आमच्याकडे दुसरं काय करतात? मी शर्ट नेला. हिराबाईनं नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल आणला. म्हणाली, "जिता असताना घरात टिकला नाय. आता गोधडीत तरी बसंल गप." सगळ्या हसल्या. वाशिंदच्या एका बाईनं पट्ट्यापट्ट्याचा पायजमा आणला. कुणी मुलाचं झबलं आणलं, तेव्हा हसणं थांबलं. संस्थेनं जाड दोरा आणि दाभणं दिली.

जमिनीवर अस्तर अंथरलं. त्यावर आमच्या माणसांची कापडं मांडली, कुणाची कुणाशेजारी हे भांडून ठरवलं. त्यावर जुन्या साड्यांचा थर. कडेनं धावदोरा घालत आत आत आलो. काम उत्तम झालं. टाका एकसारखा, कुठे सुरकुती नाही.

मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. गोधडी उलगडली. त्यांनी वरून बघितली, उलटून बघितली. दोन्ही बाजूंना नुसत्या जुन्या साड्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ह्यात तुमची माणसं कुठे आहेत?"

हिराबाईनं गोधडीवर थापटलं.

"आत हायत. निजलीत."

मॅडम हसल्या. मग त्यांना कळलं की ही थट्टा नाही.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचं कापड गोधडीच्या आतल्या थरात जातं. आजीचं लुगडं, आजोबाचं धोतर. वर दिसत नाही. ती गोधडी नातवंडं पांघरतात, म्हातारीची ऊब त्यांना लागते, असं म्हणतात. मेलेल्याचं कापड वर घालत नाहीत, माणूस उघडं पडतं. हे आम्हाला इतकं ठाऊक होतं की मॅडमना सांगायचंही सुचलं नाही. त्यांना दिसायला हवं होतं. आम्ही झाकून आणलं होतं.

त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी एकच विचार करत होते. इतकी वर्षं लोकांनी ह्या माणसांना लपवलं. आता आम्हीही लपवलं. तेही चांगल्या टाक्यानं.

पुढच्या वेळी मी म्हटलं, उसवू या. कापडं वर घेऊ. हिराबाई उठून उभी राहिली.

"मेल्याचं कापड वर नाय घालीत. तुला कोणी शिकवलं नाय का गो?"

"हिराबाई, ही गोधडी पांघरणार कोण?"

तिनं गोधडीकडे बघितलं.

"तुझी सून घेईल अंगावर? माझी सासू? वाडीतलं एक पोर तरी निजेल ह्यात?"

हिराबाई खाली बसली. बराच वेळ टॉवेल जिथे होता त्या जागेवर हात फिरवत राहिली. मग दातानं पहिला टाका तोडला.

सगळी गोधडी उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. या खेपेला साड्या आत गेल्या आणि माणसं वर आली. शर्ट, टॉवेल, पायजमा, झबलं. मग नावं घालायचं ठरलं. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी खडूनं अक्षरं काढली, त्यावर सगळ्यांनी दोरा घातला. वाशिंदची बाई म्हणाली, माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय, नाव नको. तिचा पायजमा बिननावाचा राहिला. तिला कुणी कारण विचारलं नाही. ते तिचं होतं, तिनं ठरवायचं.

मी पूर्ण नाव घातलं. रघुनाथ, वडिलांचं नाव, आडनाव. खाली गाव. लाल दोऱ्यानं, निळ्या चौकडीवर. घरी कुणाला दिसू नये म्हणून सगळं शहापूरच्या खोलीतच केलं.

एड्स दिनाला हॉल भरला होता. शाळेची मुलं आणली होती. स्टेजच्या मागच्या खोलीत आम्ही गोधडी घेऊन बसलो होतो. मॅडम आत आल्या. हातात लाल कापडाच्या पट्ट्या होत्या आणि टाचण्यांची डबी. म्हणाल्या, नावांवर ह्या पट्ट्या लावू या. सगळ्यांच्याच.

मी विचारलं, का?

"गोपनीयता. आजार असलेल्या माणसाचं नाव उघड करायचं नसतं. तसा नियमच आहे."

मी म्हटलं, नियम जिवंत माणसाला जपायला असेल. बरोबरच आहे. जिला नाव नको होतं तिनं घातलेलं नाही. आमची माणसं गेली. नावं आम्ही घातली. तुमच्यासमोर घातली. तेव्हा नियम नव्हता का?

मॅडमनी दाराकडे बघितलं. मीही बघितलं. दारात माझे काका उभे होते. पांढरे कपडे, छातीला पाहुण्यांचा बिल्ला. ते आता तालुक्यातून जिल्हा परिषदेवर निवडून आले होते, हे मला माहीत होतं. आजचे पाहुणे तेच आहेत, हे माहीत नव्हतं. त्यांनाही गोधडीवर काय आहे हे आजच कळलं असणार. कुणीतरी आधी दाखवली असणार.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, समजून घ्या. तुमच्याच भल्यासाठी आहे."

काका आत आले. गोधडीपासून हातभर अंतर ठेवून थांबले. दुसऱ्या बायांकडे बघून नमस्कार केला, तालुक्याचा माणूस करतो तसा. मग माझ्याशी बोलले. आवाज चढवला नाही.

"काढ तेवढं नाव. आडनाव माझंपण हाय."

मघाशी कडेचा एक सुटलेला टाका घातला होता. बोटांत अजून सुई होती. ती मी पदराला खोचली.

"आडनाव तुमचं हाय, काका. भाऊ माझा हाय. नाव राहील."

"मग मी स्टेजवर बसणार नाय."

"नका बसू."

मॅडम मध्ये पडल्या. म्हणाल्या, कार्यक्रम संस्थेचा आहे, कापड-दोरा संस्थेनं दिलाय, एका माणसाच्या हट्टासाठी सगळ्यांचं काम वाया घालवू नका. रागानं नाही बोलल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी म्हटलं, "कापड आमच्या माणसांचं आहे. दोरा तुमचा. तो काढून देते."

हिराबाई मागून बोलली, "उसवायला आमी शिकलोय आता."

दोघीतिघी हसल्या. लगेच थांबल्या. काका बाहेर गेले.

मी गोधडीची घडी घालायला घेतली. मग थांबले. ती माझ्या एकटीची नव्हती. प्रत्येकीपुढे गेले आणि विचारलं, तुझा तुकडा उसवून ठेवून जाऊ का? त्यांना माझ्याबरोबर येता येणार नव्हतं, हे मला दिसत होतं. औषधासाठी न्यायची गाडी संस्थेची होती. गाडी बंद झाली तर त्या मरतील, आणि हे त्या मनात म्हणत असतील तर त्यांचं काही चूक नव्हतं. एकीनं मान खाली घातली आणि हातानं खूण केली, ने. दुसरीनं तेच केलं. वाशिंदची बाई म्हणाली, "माझंबी ने. तसंच ऱ्हाऊ दे."

हिराबाईनं एक बाजू धरली, मी दुसरी. हॉलच्या मधल्या वाटेनं आम्ही बाहेर आलो. शाळेच्या मुलांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी फोन माझ्या आधी पोचला होता. शेजारच्या दुकानातून निरोप आला होता. नवरा ओट्यावर बसला होता. बचत गटाचं विचारलं नाही. म्हणाला, "काका निवडून आलेला माणूस हाय. आपल्याला इथंच ऱ्हायाचंय."

मी म्हटलं, "मला पण इथंच राहायचंय."

"मग ते नाव काढ."

मी नाही म्हटलं. तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. तेव्हापासून मी पडवीत निजते. जेवायला वाढतात. मी केलेलं खातात. बोलत नाहीत. सासू एकदा पडवीत आली, तिथे टांगलेल्या गोधडीपाशी उभी राहिली. तिला अक्षर येत नाही. शर्ट तिनं ओळखला. ती आत गेली.

पौषात म्हशाची जत्रा भरली. आमची बाजू सगळी तिथे येते. बैलबाजार, भांडी, आणि घोंगड्या-ब्लँकेटवाल्यांची मोठी रांग. हिराबाईनं दोन बांबू आणि दोरी आणली. त्या रांगेच्या टोकाला आम्ही गोधडी टांगली आणि खाली बसलो. ब्लँकेटवाल्यानं विचारलं, माल कुठला? हिराबाई म्हणाली, घरचा.

सकाळभर कुणी थांबलं नाही. आमच्या गावचे तिघे-चौघे येताना दिसले. त्यांनी लांबून नाव वाचलं आणि दुसऱ्या गल्लीत वळले. चुलतभाऊ होता त्यांत. माझ्याशी नजरानजर झाली. त्यानं चाल वाढवली.

उन्हं चढल्यावर एक शेतकरी आला. बैलाची नवी वेसण खांद्यावर. त्यानं गोधडी दोन बोटांत धरून जाडी बघितली, टाका बघितला.

"केवढ्याला दिली?"

"विकायची नाय."

"मग टांगली कशाला?"

"नावं वाचायला."

तो हसला. "मला नाय वाचता येत, बाई."

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. आम्ही महिनोन् महिने अक्षरं शिवली, आणि जत्रेतल्या निम्म्या माणसांना अक्षर येत नाही. हिराबाईलासुद्धा येत नाही. म्हणजे नावं वर येऊनही मुकीच होती.

मी उठले. शर्टावर बोट ठेवलं आणि वाचलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. आवाज पहिल्यांदा फाटला. दुसऱ्यांदा वाचलं. या वेळी शेजारच्या ब्लँकेटवाल्यानं वळून बघितलं.

"तुझा कोण?" शेतकऱ्यानं विचारलं.

"भाऊ."

"कशानं गेला?"

"एड्सनं."

त्यानं बोटं काढून घेतली. धोतराला पुसली. थोडा वेळ तिथेच उभा राहिला, मग गेला. मी टॉवेलावर बोट ठेवलं आणि हिराबाईच्या नवऱ्याचं नाव वाचलं. पायजम्यावर बोट ठेवलं आणि थांबले, तेवढी जागा सोडली. झबल्याचं नाव वाचलं. समोर कुणी नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा ब्लँकेटवाला म्हणाला, बाई, गिऱ्हाईक बिचकतं, उद्या दुसरीकडे बसा. हिराबाई दोरी सोडायला उठली. मी तिला नको म्हटलं. उद्या इथेच. इथून उठवलं तर मुरबाडच्या बाजारात. तिथून उठवलं तर टोकावड्याच्या नाक्यावर, जिथे घाटाच्या गाड्या थांबतात. हिराबाई येईल तर येईल, नाहीतर मी एकटी. घरात मला पडवीतून आत घेतलं नाही तरी चालेल. कुणी थांबलं तर वाचीन. कुणी नाही थांबलं तरी वाचीन. मोठ्यानं, आडनावासकट.